डिपस्टिकवर ऑइल दिसतं, पण ते फिरतंय का? जुन्या बुलेटच्या ऑइल सिस्टिमची निगा

दीड महिना शेडमध्ये उभी असलेली वडिलांची बुलेट बाहेर काढली, सवयीने डिपस्टिक ओढली, तर तिच्या टोकालाही ऑइल लागलेलं नव्हतं. फरशीवर डाग होता तो दोन-चार थेंबांचा. मग लिटरभर ऑइल गेलं कुठे, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. नवा डबा फोडला, खुणेपर्यंत ऑइल भरलं आणि किक मारली. सायलेन्सरमधून निळा धूर इतका आला की समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू खिडक्या लावायला लागल्या. थोड्या वेळाने धूर ओसरला, म्हणून तसाच त्र्यंबक रोडला लागलो. सातपूर येईपर्यंत ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून फेकलं गेलेलं ऑइल मागच्या टायरवर आलं होतं. एका वळणावर मागचं चाक बाजूला सरकलं. गाडी सावरली, पण तिथेच बाजूला उभी करून खाली वाकून बघितलं तेव्हा पाय थरथरत होते.

आधीचं ऑइल कुठेही गेलेलं नव्हतं. ते इंजिनातच होतं, फक्त ऑइलच्या टाकीतून उतरून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीत, बसलं होतं. त्यावर मी आणखी एक लिटर ओतलं होतं.

त्या दिवसापासून मी या इंजिनाकडे बघताना पहिला प्रश्न बदलला. ऑइल किती आहे हे नंतर बघतो. ते फिरतंय का, हे आधी. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच प्रश्नाभोवती आहे.

हे सगळं कास्ट आयर्न ब्लॉकच्या जुन्या बुलेट ३५०बद्दल आहे, म्हणजे ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी, उजव्या पायाला गियर. इंग्लंडमधल्या रेडिचची मूळ रचना, १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे कित्येक दशकं थोड्याफार फरकाने हेच इंजिन बनत राहिलं. घरी जुनी जावा किंवा येझदी असेल तर तुमचा मामला निराळा. ती टू-स्ट्रोक गाडी, तिचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं आणि जळून जातं, फिरवायला पंपच नाही.

ऑइलचा रस्ता आधी डोळ्यांसमोर आणा

बऱ्याच जणांना वाटतं की बुलेटमध्ये खाली ऑइल साठलेलं असतं आणि क्रँक त्यात बुडून फिरतो. तसं नाही. क्रँककेसच्या ओतकामातच मागच्या बाजूला वेगळा कप्पा केलेला आहे, तीच ऑइलची टाकी. क्रँक फिरतो ती पुढची जागा जवळजवळ कोरडी राहायला हवी.

टाकीतलं ऑइल फीड पंप ओढतो. तो ते फेल्टच्या फिल्टरमधून ढकलतो. तिथून टायमिंग कव्हरमधल्या एका बारीक नळीतून, कॉर्कच्या सीलमधून, ऑइल फिरत्या क्रँकच्या पोकळ टोकात शिरतं आणि आतल्या छिद्रांमधून बिग एंडपर्यंत, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो त्या खालच्या सांध्यापर्यंत, पोहोचतं. बिग एंडमधून उडालेल्या तुषारांवर पिस्टन आणि ब्लॉक भिजतात. वर हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दोन रॉकरना बाहेरून गेलेल्या पाइपांमधून ऑइल मिळतं, तेही ओघळून खालीच येतं. खाली जमलेलं सगळं रिटर्न पंप उचलतो आणि टाकीत परत टाकतो. हा रिटर्न पंप मुद्दाम फीड पंपापेक्षा मोठ्या क्षमतेचा ठेवलेला आहे, म्हणजे क्रँककेस कायम उपसलेली राहते. विहिरीवर एक मोटर पाणी सोडतेय आणि दुसरी मोठी मोटर खड्डा कोरडा ठेवतेय, तसं.

दोन्ही पंप एकाच स्पिंडलवर चालतात आणि तो स्पिंडल क्रँकच्या टोकावरच्या वर्मवर, म्हणजे स्क्रूसारख्या दात्यांच्या गियरवर, फिरतो. पंप अगदी साधे आहेत. एक प्लंजर, एक डिस्क, डिस्कला बैठकीवर दाबून धरणारी स्प्रिंग. डिस्क आणि बैठक यांच्यात ना सील ना वॉशर, धातूवर धातू. गाडी रोज चालत असेल तर काही बिघडत नाही. पण उभ्या गाडीत त्या सपाट पृष्ठभागांमधून ऑइल रात्रंदिवस झिरपत राहतं आणि टाकीतून क्रँककेसमध्ये उतरतं. याला मेकॅनिक मंडळी वेट संपिंग म्हणतात. माझ्या बाबतीत झालं ते हेच.

डिपस्टिक वाचायची पद्धत

थंड इंजिनाची डिपस्टिक वाचून ऑइल भरू नका. जुन्या बुलेटवाल्यांच्या हातून सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

गाडी सुरू करा आणि निदान चार-पाच किलोमीटर चालवून या. रिटर्न पंपाला क्रँककेस उपसायला तेवढा वेळ पुरतो. सपाट जागी मेन स्टँडवर लावा, साइड स्टँडवर नको, कलती गाडी खोटं सांगते. इंजिन बंद करून एक-दोन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसा, परत घाला, काढा, आता वाचा. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली तर डबा बंदच ठेवा. काठोकाठ वरच्या खुणेपर्यंत भरण्याची हौस या इंजिनाला मानवत नाही, जास्तीचं ऑइल ते ब्रीदरमधून बाहेर टाकतं. मी वरच्या खुणेच्या बोटभर खाली थांबतो.

महिनाभर उभी गाडी असेल तर सुरू करण्याआधी एक काम. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून धरा आणि इग्निशन बंद ठेवून पंधरा-वीस किक सावकाश मारा. कॉम्प्रेशन नसल्याने पाय दुखत नाही, आणि पहिला धडाका होण्याआधी पंप थोडं ऑइल पुढे ढकलतो. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या. धूर येईल, घाबरू नका. क्रँककेस उपसली गेली की तो थांबतो. थांबत नसेल, आणि पाच मिनिटांनीही डिपस्टिक कोरडीच असेल, तर रिटर्न पंप काम करत नाही असं समजा आणि गाडी बंद करा.

फार महिने उभी राहिलेली गाडी असेल तर मी सुरूच करत नाही. क्रँककेसचा नट खोलून खाली उतरलेलं ऑइल काढतो आणि मापाच्या भांड्यात मोजतो. कपभर निघालं तर ठीक. लिटरच्या आसपास निघालं तर पंपाच्या डिस्कची बैठक खराब झाली आहे, तिचं पुढे लिहिलंय.

बीएसए, ट्रायम्फ बाळगणाऱ्यांच्या गाडीत टाकी वेगळी आणि तिच्यातून येणारी नळी उघडी असते. त्यातले काही जण वेट संपिंगवर उपाय म्हणून त्या नळीला तोटी बसवतात. मला हा उपाय पटत नाही. एक दिवस तोटी उघडायची राहते आणि इंजिन काही मिनिटांत कोरडं पडून जातं. धूर परवडला.

कुठलं ऑइल

२०डब्ल्यू-५०, मिनरल, चांगल्या कंपनीचं, सीलबंद डब्यातलं. यावर लोक तासन् तास भांडतात, पण आपल्या हवेला हेच बसतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि कसारा घाट चढून इगतपुरीला येईपर्यंत लोखंडी ब्लॉक नुसता धगधगतो, तेव्हा हे ऑइल पुरेसं घट्ट राहतं. जानेवारीत निफाडला दवबिंदू गोठतात अशा सकाळी तेच ऑइल पंपाला ओढता येईल इतकं पातळ राहतं. पूर्वीची माणसं उन्हाळ्यात ४० नंबर आणि हिवाळ्यात ३० नंबर असं साधं एका ग्रेडचं ऑइल बदलत असत. ते चूक नव्हतं, पण दोनदा बदलायचा त्रास होता आणि थंड सकाळी ४० नंबर मधासारखं ओघळायचं.

एक सावधगिरी. जी गाडी वर्षानुवर्षं कुठलं तरी सुट्टं ऑइल पिऊन चालली, तिच्या टाकीच्या तळाशी आणि क्रँकच्या छिद्रांत काळा चिखल बसलेला असतो. आधुनिक ऑइलमधली डिटर्जंट द्रव्यं तो चिखल सोडवतात. सुटलेला चिखल फिल्टरला येऊन चिकटतो आणि बिग एंडचा रस्ता अडतो. अशी गाडी घेतली असेल तर पहिली दोन ऑइलं पाचशे-पाचशे किलोमीटरला बदला, प्रत्येक वेळी फिल्टरसकट. त्यानंतर नेहमीचा क्रम धरा.

ऑइल बदलताना

माझा क्रम दोन हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यातलं जे आधी येईल ते. फेल्टचा फिल्टर मोठा कचरा अडवतो, बारीक काजळी तशीच फिरत राहते, म्हणून ऑइल लवकर बदलणं हाच या इंजिनाचा खरा फिल्टर. एक बदल दसऱ्याच्या आधी पडतो, म्हणजे पावसाळ्यात आत साचलेली ओल बाहेर निघते. दुसरा उन्हाळा सुरू होताना.

गाडी चालवून इंजिन गरम करा, ऑइल पातळ होऊन कचऱ्यासकट निघतं. खाली पसरट भांडं ठेवा. मागच्या बाजूचा नट टाकीचा, क्रँककेसचा निराळा. दोन्ही खोला. अनेक जण फक्त टाकीचं ऑइल काढतात, त्यामुळे अर्धा-पाऊण कप जुना काळा रस आत राहतो. नीट बसणारा रिंग पाना घ्या. ओढाताण करून नटाचे कोपरे गोल केलेली गाडी मी दर महिन्याला कुठे ना कुठे बघतो.

निथळायला अर्धा तास द्या. तेवढ्यात निघालेल्या ऑइलकडे बघा, घाईने ओतून टाकू नका. पांढऱ्या बशीत थोडं घेऊन उन्हात हलवा. नुसतं काळं असेल तर नेहमीचं. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. पावसाळ्यात घर ते दुकान अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या की इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्येच राहते. सोनेरी चमक दिसली तर पितळी बुश झिजतोय. चंदेरी कण दिसले तर त्यात लोहचुंबक फिरवा. चिकटले तर पोलाद, म्हणजे दातेरी चाकं, कॅम किंवा बेअरिंग. नाही चिकटले तर बहुतेक पिस्टनचं ॲल्युमिनियम. थोडी चमक प्रत्येक जुन्या इंजिनात असते. मागच्या वेळेपेक्षा वाढली का, हे महत्त्वाचं, म्हणून मी प्रत्येक वेळी बशीचा फोटो तारखेसकट ठेवतो.

रॉकेल टाकून इंजिन पाच मिनिटं चालवून 'धुवायची' पद्धत अजून चालते. कृपा करून करू नका. या गाडीच्या मूळ बिग एंडमध्ये रोलर नसून फ्लोटिंग बुश आहे, ती फक्त ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगते. रॉकेलचा पापुद्रा तिला पेलत नाही. शिवाय धुतलेलं सगळं रॉकेल कधीच निघत नाही, खळग्यांमध्ये राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं.

आता फिल्टर. टायमिंग कव्हरच्या खालच्या भागात एका नटाने धरलेलं झाकण आहे, त्याच्या आत स्प्रिंग, वॉशर आणि फेल्टचा एलिमेंट. झाकण काढण्याआधी मोबाइल हातात घ्या. जो भाग ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने कागदावर मांडा आणि फोटो काढा. इथे वॉशर उलटसुलट झाला किंवा जुना वॉशर आत चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला, तर ऑइल एकतर फिल्टरला बगल देऊन जातं, नाहीतर जातच नाही. दोन्ही वेळा बाहेरून काहीही दिसत नाही. जुना फेल्ट पेट्रोलमध्ये धुऊन परत घालणारे आहेत. मी नवाच घालतो. बसवण्याआधी त्याला वाटीभर नव्या ऑइलमध्ये बुडवून ठेवतो, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडा फेल्ट घातला तर सुरुवातीचं ऑइल तोच पिऊन टाकतो आणि बिग एंड तेवढा वेळ उपाशी राहतो.

नटांखालचे तांब्याचे वॉशर टाकून द्यायची गरज नाही, मात्र ते मऊ करून घ्यायला हवेत. दाबून दाबून तांबं कडक होतं आणि मग कितीही आवळलं तरी ठिबकतं. संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, मी ओट्यावरच्या गॅसच्या लहान शेगडीवर तारेत ओवलेला वॉशर धरतो. आधी त्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग सरकतात, मग तो काळा पडतो, आणि अंधुक उजेडात अर्धवट पिकल्या करवंदासारखा लालसर दिसायला लागला की सरळ पाण्याच्या वाटीत. चर्र आवाज होतो, काळी पापडी सुटून तळाला जाते आणि आतून गुलाबी तांबं निघतं. बोटांनी दाबलं तर किंचित वाकतं. असा वॉशर हलक्या हाताने आवळला तरी थेंब सोडत नाही. क्रँककेस ॲल्युमिनियमचा आहे, त्याचे आटे एकदा गेले की लेथवाल्याकडे खेटे घालावे लागतात, म्हणून हलका हात महत्त्वाचा.

टाकीची क्षमता साधारण सव्वादोन लिटर, पण आतलं पूर्ण निघत नाही. त्यामुळे आधी पावणेदोन लिटर भरा, गाडी चालवून आणा आणि मग डिपस्टिक बघून उरलेलं घाला.

ऑइल फिरतंय का, हे डोळ्यांनी बघणं

फिल्टर बदलला, पंप उघडला किंवा गाडी खूप दिवसांनी सुरू केली, की ही तपासणी चुकवायची नाही.

हेडवर रॉकरला जाणाऱ्या पाइपच्या टोकाला बँजो बोल्ट, म्हणजे आतून ऑइल जाऊ देणारा पोकळ बोल्ट, असतो. त्याच्याभोवती फडकं गुंडाळा, बोल्ट एक फेरा सैल करा, गाडी सुरू करून आयडलवर ठेवा. थोड्या वेळात सांध्यातून ऑइल पाझरायला लागलं पाहिजे. कारंजं उडत नाही, ओलसर चमक येते, मग थेंब, मग ओघळ. तो पहिला थेंब दिसेपर्यंत माझं लक्ष दुसरीकडे जात नाही. दोन मिनिटं झाली तरी सांधा कोरडाच असेल तर गाडी बंद. दुसरा रॉकरही असाच बघा.

इथे एक बारकावा आहे. रॉकरला ऑइल आलं म्हणजे स्पिंडल फिरतोय आणि पंप ढकलतोय, एवढं नक्की. बिग एंडला ऑइल पोहोचलं याची ती हमी नाही, कारण त्या रस्त्यावर फिल्टर आणि कॉर्क असे दोन नाके आणखी आहेत. म्हणून त्या दोन ठिकाणी काम करताना विश्वासावर काही सोडायचं नाही.

काही जण ऑइल प्रेशरचं मीटर बसवतात आणि गरम इंजिनात आयडलवर काटा तळाला गेला की हबकतात. या इंजिनात दाब मुळातच कमी असतो. प्रवाह चालू आहे ना, ते बघायचं.

कॉर्क

क्रँकच्या टोकात ऑइल शिरतं तिथे बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी कॉर्कची सील बसते, नंतरच्या काही गाड्यांत रबरी. टायमिंग कव्हर कुठल्याही कारणाने काढलं की ही सील नवी घालायची. दाबून बसलेली जुनी कॉर्क परत त्याच जागी तशी बसत नाही. तिच्या बाजूने ऑइल टायमिंगच्या पोकळीत निसटतं, डिपस्टिक भरलेली, रॉकर ओले, आणि बिग एंड मात्र तहानलेला.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका मेस्त्रीने पॉइंट आणि टायमिंगचं काम करताना कव्हर काढलं आणि जुनीच कॉर्क ठेवून बंद केलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पाच-सहाशे किलोमीटर गाडी छान चालली. सप्तशृंगी गडावरून उतरून वणीला चहा घेतला, पुढे दिंडोरीच्या अलीकडे थ्रॉटल सोडताना खालून एक आवाज यायला लागला. टॅपेटचा टकटक आवाज वरून येतो आणि बारीक असतो. हा खालून, जड, दारावर मुठीने ठोकावं तसा. जागेवर गाडी बंद केली आणि टेम्पोत घालून नाशिकला आणली. क्रँक फोडला तेव्हा बुशवर निळे चट्टे पडलेले होते. क्रँकचं काम, नवा बुश, पिन, दोन महिने गाडी बंद. वडील तेव्हा होते. रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन रिकाम्या चेसिसकडे बघून यायचे, बोलायचे काही नाहीत.

आता मी कव्हर उघडायच्या आधी नवी कॉर्क, नवं गॅस्केट आणून ठेवतो आणि मगच पाना हातात घेतो. कव्हर परत लावताना कॉर्कला ऑइल लावा आणि कव्हर सरळ आत सरकवा, तिरकं नाही. क्रँकच्या टोकावरचा वर्म काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, त्याचे आटे उलटे आहेत. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर तो तुटेल.

पंपाची डिस्क घासणं

गाडी आठवड्यात निम्मी टाकी खाली सोडत असेल तर हे काम करायचं. टायमिंग कव्हरवर पंपांची दोन झाकणं आहेत. एका वेळी एकच उघडा, भाग मिसळू नयेत म्हणून. स्क्रू जुने आणि अडलेले असतात, बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरला वरून हलका ठोका द्या आणि मग फिरवा. डिस्कवर आणि बैठकीवर बोट फिरवून बघा, नखाला अडणारे चरे असतील तर त्याच वाटेने ऑइल झिरपतंय.

डिस्कला व्हॉल्व्ह घासायची सगळ्यात बारीक पेस्ट कणभर लावा, बैठकीवर ठेवून अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. जोर नको, डिस्कचं वजन आणि दोन बोटं पुरतात. दोन्हीकडे एकसारखा, अखंड, करडा पट्टा दिसला की थांबा. शेवटचा हात पितळ चमकवायच्या पॉलिशने मारला तर पृष्ठभाग आरशासारखा होतो.

मग धुणं, आणि घासण्यापेक्षा जास्त वेळ या धुण्याला द्यायचा. पेस्टचा एक कण बिग एंडपर्यंत गेला तर आपणच आपल्या हाताने बुश खरवडला. घासताना ऑइलची छिद्रं ग्रीसने बंद ठेवा, नंतर ग्रीस काढून पेट्रोलने, पिचकारीने, पुन्हा पुन्हा. पांढरं सुती फडकं फिरवल्यावर करडा डाग उमटणं बंद झालं की झालं. झाकण लावण्याआधी पंपाच्या खणात ऑइल भरा, कोरडा पंप हवा ओढत बसतो. नवं कागदी गॅस्केट घाला, स्क्रू आळीपाळीने आवळा आणि वरच्यासारखी बँजोची तपासणी करा.

गळती

जुनी बुलेट गळणारच, असं म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. गळतीचं कारण असतं आणि बहुतेक वेळा ते सापडतं.

आधी ब्रीदर. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा बाहेर पडायला हवी आणि वर जाताना परत आत येता कामा नये. त्यासाठी एकेरी झडप आहे, पुष्कळ गाड्यांत पाइपच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर. ते रबर चिकटलं किंवा पाइप मुडपला की आतली हवा जिथे वाट मिळेल तिथून ऑइलसकट निघते. आपण मात्र गॅस्केटांवर गॅस्केटं बदलत बसतो. पाइप काढून फुंकून बघा, एका दिशेनेच हवा गेली पाहिजे. रबर कडक झालं असेल तर बदला.

ब्रीदर ठीक असूनही गळत असेल तर इंजिन साबणाने स्वच्छ धुऊन वाळवा आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. पाच किलोमीटर चालवून या. कोरड्या पांढऱ्या पावडरीवर ऑइलचा करडा ओघळ जिथून सुरू झालाय ती जागा तुमची. ऑइल वाऱ्याने मागे आणि खाली पसरतं, त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथे गळती क्वचितच असते.

सांधा पक्का करताना सिलिकॉनचा जाड थर देऊ नका. बाहेर जेवढा फुगवटा दिसतो तेवढाच आत येतो, तो तुटतो आणि ऑइलच्या छिद्रात जाऊन बसतो. झाकणाची कडा वाकडी असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून तिच्यावर झाकण आठाच्या आकड्यात फिरवा. कडा सपाट झाली की पातळ गॅस्केट आणि बोटाने पुसल्यासारखा शेलॅक पुरतो.

चेन केस आणि गियरबॉक्स

हे दोन्ही इंजिनाच्या ऑइलपासून वेगळे आहेत, हेच बऱ्याच नव्या मालकांना माहीत नसतं. डाव्या बाजूच्या चेन केसमध्ये, म्हणजे इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या चेनच्या घरात, साधारण ४२० मिली ऑइल. यात क्लच बुडतो, म्हणून वेट क्लचला चालणारं ऑइल घ्या, त्यावर जासो एमए लिहिलेलं असतं. घर्षण कमी करणारी कुठलीही पावडर किंवा द्रव्य घालू नका, क्लच घसरेल. कव्हर एकाच मोठ्या नटावर बसतं. गळलं की लोक तो नट आणखी आवळतात, कव्हर वाकतं आणि जास्त गळतं. रबराची सील बदला.

चेन केसमधलं ऑइल आपोआप वाढताना दिसलं तर क्रँकच्या त्या बाजूची सील गेली आहे आणि इंजिनाचं ऑइल तिकडे जातंय.

गियरबॉक्समध्ये जुन्या पद्धतीने ग्रीस आणि ९० नंबर ऑइल मिसळून घालतात. नुसतं घट्ट ग्रीस घातलं तर दाते त्यात खड्डा पाडून कोरडे फिरतात. ९० नंबर घेताना जीएल-४ घ्या, आत पितळी बुश आहेत.

निघालेलं ऑइल

दर वेळी दोन लिटर काळं ऑइल हातात उरतं. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, आणि २०१६च्या नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. घरच्या माणसाने ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवून अशा गॅरेजला द्यावं जे हे ऑइल अधिकृत माणसाला देतं. देण्याआधी तसं विचारून घ्या. गटारात ओतलेलं ऑइल नासर्डीत जातं आणि नासर्डी गोदावरीला मिळते. ज्या रामकुंडावर आपण आपल्या माणसांच्या अस्थी सोडतो, ती हीच नदी. माझ्या शेडच्या कोपऱ्यात पाच लिटरचा कॅन आहे, त्यावर वडिलांनी खडूने 'जुने' लिहिलं होतं. अक्षर पुसट झालंय, मी ते दर वर्षी गिरवतो.